फलक कुठे लावायचा? आभासी जगातल्या एका मांडणशिल्पाचा अर्थ सांगताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातल्या एका मांडणशिल्पाचं आहे. कलाकाराच्या आणि ज्यांचे शब्द पुढे येतील त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्या कामाची क्युरेटर होते. जागा मिळवणं, येणाऱ्याने कुठे उतरायचं ते ठरवणं, ग्रुपवर नोटीस पाठवणं आणि प्रदर्शन चालू असेपर्यंत रोज एक फेरी मारणं, ही माझी कामं.

सेकंड लाइफ २००३ पासून चालू आहे. तिथे जिंकायचं काही नसतं. जे दिसतं ते जवळजवळ सगळं तिथल्या रहिवाशांनी बनवलेलं असतं. जमीन रीजनच्या हिशेबाने मिळते, एक रीजन २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद. कलाकार तिथे सुरुवातीपासून आहेत. चिनी कलाकार त्साओ फेइ हिने ‘आरएमबी सिटी’ नावाचं एक अख्खं शहर तिथे उभं केलं होतं, ते २००९ मध्ये खुलं झालं आणि २०११ मध्ये बंद. २०१० ते २०१९ या काळात लिंडन एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या उपक्रमातून कलाकारांना ठरावीक मुदतीसाठी रीजन वापरायला मिळत. आमची जागा त्यांची नव्हती, पण बोली तीच होती: मुदत संपली की सगळं उचलायचं आणि जागा मोकळी करून द्यायची.

काम असं होतं. सगळीकडे पाणी आणि त्यावरून रीजनच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा नागमोडी लाकडी धक्का. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यात उभ्या असलेल्या खुर्च्या, उजवीकडे चोवीस, डावीकडे चोवीस. उजवीकडच्या प्रत्येक खुर्चीशेजारी पेटलेला दिवा आणि खुर्चीतून येणारा आवाज: कुणी हसतंय, कुणी फोनवर पत्ता सांगतंय, कुणी कुणाला जेवायला हाक मारतंय. डावीकडे अगदी तशीच खुर्ची, तसाच दिवा, पण विझलेला. आवाज नाही.

कलाकाराला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. सेकंड लाइफमध्ये वस्तूतून वाजणारा आवाज तुमच्या उभं राहण्याच्या दिशेप्रमाणे डाव्या किंवा उजव्या कानात येतो. हेडफोन लावून धक्क्यावरून चालत गेलं, की जग त्याला जसं ऐकू येतं तसं तुम्हाला ऐकू येतं: सगळं उजवीकडून. पण कामाचा गाभा परतीच्या वाटेत होता. टोकाला पोचून मागे वळलं की बाजू उलटतात. पेटलेले दिवे आता डावीकडे येतात आणि सगळे आवाज डाव्या कानात पडतात. म्हणजे ही परतीची वाट त्याने अशी बांधली होती, जी त्याला स्वतःला ऐकू येत नाही. मला त्याने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी काही वेळ टाइप करायची थांबले होते. या माध्यमात इतकं नेमकं काम मी फार थोडं पाहिलं आहे.

अडचण कशी उभी राहिली

सुरुवातीला आम्ही अर्थाबद्दल एक अक्षरही लावलं नाही. निर्णय त्याचा होता, मला पटलेला होता. लोक चालतील, ऐकतील, वळतील, असं आम्ही धरून चाललो होतो. तिन्ही गोष्टी चुकल्या.

एक, बरेचजण चाललेच नाहीत. तिथे सराईत माणूस एका जागी उभा राहून कॅमेरा, म्हणजे पडद्यावरची आपली नजर, फिरवतो. तो भिंतीतून, छतातून, शंभर मीटर पलीकडे जाऊन पाहून येतो आणि अवतार, म्हणजे त्या जगातली त्याची आकृती, मात्र उतरला तिथेच उभा असतो. दोन, आवाज बंद ठेवणारे आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले. तीन, धक्क्याच्या टोकाला पोचलेला माणूस चालत परत कशाला येईल? तो तिथूनच टेलिपोर्ट करून, म्हणजे न चालता एका क्षणात, दुसरीकडे निघून जातो. परतीची वाट, जिच्यासाठी हे सगळं बांधलं होतं, ती जवळपास कुणीच चाललं नाही.

आवाजाशिवाय पाहिलं तर तिथे काय उरतं? संध्याकाळचं आकाश, शांत पाणी, चोवीस पेटलेले दिवे आणि चोवीस विझलेले दिवे, रिकाम्या खुर्च्या. लोकांना वाटलं, हे गेलेल्यांचं स्मारक आहे. यात त्यांची चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. एका परीक्षणात हे युद्धात घरं उद्ध्वस्त झालेल्यांसाठी केलेलं काम आहे असं ठामपणे लिहून आलं, आणि पुढे येणारे तेच डोक्यात घेऊन येऊ लागले. धक्क्यावर माणसं मान खाली घालून उभी राहायची. कलाकाराला सांत्वनाचे संदेश येऊ लागले.

आता त्या खुर्च्यांमधले आवाज होते त्याच्या आईचे, बहिणीचे, मित्रांचे. सगळे हयात. ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ अशी वाक्यं तो आईचा आवाज घालून केलेल्या कामाखाली वाचत होता. त्याला ते सहन होईना. उद्घाटनानंतर बाराव्या रात्री त्याने मला न विचारता उतरण्याच्या जागेसमोर एक फलक उभा केला. पाच मीटर रुंद, काळ्यावर पांढरी अक्षरं, सगळा अर्थ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ‘हे काम शोकाबद्दल नाही,’ अशी सुरुवात होती.

फलक लागल्यावर

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं आणि पोटात गोळा आला. फलक वाईट लिहिलेला नव्हता. अडचण त्याच्या जागेची होती, आणि ती नीट समजायला तिथे माणूस उतरतो कसा हे बघावं लागतं.

नव्या रीजनमध्ये उतरल्यावर पहिला मिनिटभर जवळपास काही दिसत नाही. वस्तू करड्या ठोकळ्यांसारख्या असतात, मग हळूहळू आकार येतो, मग पृष्ठभागावरची चित्रं स्पष्ट होत जातात. जवळचं आणि डोळ्यांसमोर मोठं असलेलं आधी, लांबचं नंतर. म्हणजे समोरच उभा केलेला पाच मीटरचा फलक सगळ्यात आधी वाचण्याजोगा होत होता. पाणी अजून आलेलं नाही, दिवे पेटलेले नाहीत आणि माणूस ‘हे काम शोकाबद्दल नाही’ हे वाचतोय. कामाच्या आधी कामाचा अर्थ पोचत होता, तो अशा क्षणी जेव्हा वाचण्याशिवाय करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

रीजनमध्ये किती अवतार कुठे आहेत याची नोंद ठेवणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आम्ही लावली होती. नावं ती साठवत नव्हती, फक्त जागा आणि वेळ. फलक लागल्यानंतरच्या नोंदी बघताना ठिपके उतरण्याच्या जागेभोवती दाटलेले दिसले. लोक येत, वाचत आणि समजलं म्हणून जात. धक्का आधीपेक्षा रिकामा पडला होता.

चौथ्या दिवशी कलाकाराला एक संदेश आला. आशय तोच ठेवून शब्द थोडे बदलून देते:

‘मी रोज रात्री येऊन डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीजवळ बसायचे. माझ्या घरात आवाज लावता येत नाही, त्यामुळे इथे काही वाजतं हे मला ठाऊकच नव्हतं. कालपर्यंत ती खुर्ची माझ्या नवऱ्याची होती. आज फलक वाचला आणि ती तुमच्या कानाची झाली. तुमची चूक नाही, काम तुमचं आहे. पण मला आता तिथे बसता येत नाही.’

त्याने तो संदेश मला पाठवला आणि खाली फक्त एवढंच लिहिलं, ‘आता काय करू?’

आमच्यापुढचे पर्याय

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. फलक काढून टाकणं हा पहिला विचार. पण काढला तरी लोकांनी वाचलेलं परत जात नाही, आणि सांत्वनाचे संदेश पुन्हा सुरू होणार होते. त्याच्या आईबद्दल. त्याला जे खुपत होतं ते खरं होतं आणि ‘कलाकाराने गप्प बसावं, काम बोलेल’ असं मी त्याला सांगणं ही सोपी पळवाट झाली असती. ज्या कामात कलाकाराची जिवंत माणसं आहेत, त्या कामाबद्दल बोलण्याचा हक्क त्याला आहेच.

शिवाय काही कामं स्पष्टीकरणाशिवाय उभीच राहत नाहीत. एव्हा आणि फ्रांको मॅटेस या कलाकार जोडीने २००७ मध्ये मरीना अब्रामोविच आणि उलाय या कलाकारांचा १९७७ चा बोलोन्यातला प्रयोग सेकंड लाइफमध्ये पुन्हा केला. मूळ प्रयोगात दोन नग्न माणसं संग्रहालयाच्या दारात समोरासमोर उभी होती, आत जाणाऱ्याला त्यांच्या अंगाला घासून जावं लागे, आणि कुणाकडे तोंड करायचं ते ठरवावं लागे. अवतारांच्या दारात अंगाला अंग लागतच नाही. मूळ प्रयोग माहीत असेल तरच त्या न लागण्याला अर्थ येतो. तिथे आधी सांगणं भाग आहे. मी हे उदाहरण काढलं तेव्हा कलाकार म्हणाला, ‘मग माझं काम त्या जातीचं आहे का?’ प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला आम्ही पुन्हा धक्क्यावर गेलो.

फलकाऐवजी उतरण्याच्या जागी नोटकार्ड ठेवणं हा दुसरा पर्याय. सेकंड लाइफमध्ये वस्तूवर क्लिक केलं की मजकुराचं कार्ड मिळतं, ते घ्यायचं की नाकारायचं हे माणूस ठरवतो आणि घेतलं तर ते त्याच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे त्याच्या तिथल्या सामानात, राहतं. फलकापेक्षा हे कितीतरी सभ्य. फलक हे खरं तर चित्र असतं. त्यातला मजकूर उचलून भाषांतर करता येत नाही, कमी दिसणाऱ्या माणसाच्या वाचन-प्रोग्रॅमलाही तो वाचता येत नाही. नोटकार्डमधली अक्षरं ही अक्षरंच असतात. (वस्तूच्या वर तरंगणारा मजकूर हा आणखी एक मार्ग, पण त्याला २५४ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा आपल्या लिपीत ऐंशीएक चिन्हांतच मजकूर संपतो. कुणी करणार असेल तर हे आधी मोजून घ्यावं.)

कलाकाराचं व्याख्यान ठेवणं हा तिसरा. तो पर्याय आम्हा दोघांनाही हवा होता, फक्त तेवढाच पुरेसा नव्हता. येऊन ऐकणारे थोडे, पुढचे दोन महिने येणारे खूप.

आणि मग धक्क्याच्या टोकाला उभे असताना तो म्हणाला, ‘लोक इथून निघून जातात. फलक इथे असता तर?’

मला वाटतं, सगळ्या प्रकरणात ठरलं ते इथे. आम्ही इतका वेळ सांगायचं की नाही यावर भांडत होतो. प्रश्न कुठे सांगायचं हा होता. टोकाला अर्थ सांगितला तर जाताना माणूस मोकळा असतो. त्याला स्मारक दिसू दे, युद्ध दिसू दे, नवरा दिसू दे. टोकाला पोचल्यावर ज्याला हवं त्याने कार्ड घ्यावं, आणि त्यात लिहिलेलं असेल की आता चालत परत जा. परतीची वाट ही कार्डातल्या मजकुराचा पडताळा होते. जे चालणं कुणी करत नव्हतं, ते करायला कारण मिळतं.

पण एक पेच राहिलाच. आवाज लावल्याशिवाय कामच नाही, आणि ते तर आधी सांगायला हवं. ‘आवाज चालू करा’ म्हटलं की अर्थाचा निम्मा धागा हातात येतो असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, नाटकाला जाताना दिवे बंद होणार हे ठाऊक असतं, त्याने नाटक कळत नाही. यावर आमचं पूर्ण एकमत कधीच झालं नाही. शेवटी बघण्याची सूचना आणि कामाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून पुढे गेलो.

काय केलं

फलक काढला. उतरण्याच्या जागी एक लहान, गुडघाभर उंचीचा लाकडी खुंट ठेवला, त्यावर क्लिक केलं की चार ओळींचं कार्ड: हेडफोन लावा. आवाज चालू करा. आवाज कॅमेऱ्याच्या जागेवरून न ऐकता अवताराच्या जागेवरून ऐकण्याची सेटिंग निवडा. चालत जा.

तिसरी ओळ आम्हाला फार उशिरा सुचली. प्रेफरन्सेसमध्ये हे दोन पर्याय असतात. कॅमेऱ्यावरून ऐकत असाल आणि कॅमेरा गर्रकन फिरवला तर डावं-उजवं उलटतं आणि कामाचा कणाच मोडतो. पहिले दोन आठवडे जे थोडे लोक आवाज लावून आले होते, त्यांच्यातल्या कुणाकुणाला काम उलटं ऐकू आलं असणार.

धक्क्याच्या टोकाला, वळण्याच्या जागी, तीन गोष्टी ठेवल्या. पहिलं कार्ड कामाच्या घडणीबद्दल. दुसरं ते कुठून आलं याबद्दल, कान, आई, बहीण, आणि ते सगळे हयात आहेत हे स्पष्ट वाक्य. तिसरी एक पेटी. तिच्यात कुणीही आपलं नोटकार्ड ओढून टाकू शकेल अशी परवानगी स्क्रिप्टने दिलेली होती. पेटीवर एकच ओळ: तुम्हाला काय दिसलं?

दुसरं कार्ड लिहायला त्याला आठवडा लागला. पहिल्या मसुद्यात ‘डावीकडच्या खुर्च्या म्हणजे माझं न ऐकू येणं’ असं वाक्य होतं. मी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, तू त्या खुर्च्यांमध्ये काय घातलंस? स्क्रिप्ट? फीत? तो म्हणाला, काहीच नाही. मग तसंच लिही, म्हटलं. अंतिम कार्डात ती जागा अशी आहे: ‘उजवीकडच्या खुर्च्यांत मी माझ्या माणसांचे आवाज ठेवले. डावीकडच्या खुर्च्यांत मी काहीही ठेवलेलं नाही.’ पहिलं वाक्य अर्थ लादत होतं. दुसरं फक्त खरं होतं, आणि बाईंच्या नवऱ्याला त्यात जागा होती.

पहिल्या कार्डामुळे एक वेगळाच उलगडा झाला. आवाज मधेच तुटतात, अर्ध्या श्वासाची फट पडते आणि पुन्हा सुरू होतात. याबद्दल लोकांनी बरंच काही लिहिलं होतं: तुटलेली आठवण, अपुरा संवाद. त्याने कार्डात सरळ सांगितलं, की तेव्हा अपलोड करायची फीत दहा सेकंदांची मर्यादा ओलांडत नसे, म्हणून बोलणं दहा-दहा सेकंदांत कापून स्क्रिप्टने एकामागे एक वाजवलं आहे. फट सेकंड लाइफच्या मर्यादेची आहे, ती झाकण्याची खटपट मात्र त्याने केली नाही. कलाकार ‘इथे माझा हेतू नव्हता’ असं क्वचितच सांगतात. सांगायला हवं. त्याने बाकीच्या हेतूंवरचा विश्वास वाढतो.

व्याख्यान

व्याख्यान धक्क्यावरच ठेवलं, संध्याकाळी, व्हॉइसवर, म्हणजे माइकवरून बोलून. नोटीस गेल्यावर तासाभरात एका बहिऱ्या रहिवाशाचा संदेश आला: ‘ऐकण्याबद्दलच्या कामावर फक्त आवाजातून बोलणार का?’ हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या तर यायलाच हवं होतं. जे बोललं जाईल ते लोकल चॅटमध्ये टाइप करायची जबाबदारी दोघाजणांनी घेतली, लांब वाक्यं तुकडे करून, आणि नंतर तोच मजकूर टोकाच्या कार्डात गेला. आज त्या संध्याकाळचं जे काही टिकून आहे ते या टाइप केलेल्या प्रतीमुळे.

व्याख्यानातला एक प्रसंग सांगायलाच हवा. रोजच्या कामात तो कॉम्प्युटरवर मोनोची सेटिंग चालू ठेवतो, म्हणजे दोन्ही बाजूंचं त्याला एकाच कानात मिळतं. त्या दिवशी आमच्याबरोबर परतीच्या वाटेने चालायचं म्हणून त्याने ती बंद केली होती. सेकंड लाइफचा व्हॉइसही दिशेचा असतो. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि त्याच्या डावीकडे उभ्या असलेल्या एकीने प्रश्न विचारला. तो काही बोलला नाही. तिने पुन्हा विचारला. तो समोर बघत, कुणी काही विचारतंय का याची वाट पाहत उभा. तिसऱ्यांदा तिने चॅटमध्ये टाइप केलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, ‘माफ करा. तुम्ही डावीकडे आहात का?’

त्यानंतर काही क्षण चॅटमध्ये एकही ओळ आली नाही. मग तिने आपला अवतार उचलून त्याच्या उजवीकडे नेला, आणि तिच्यामागोमाग डावीकडचे बाकीचेही एकेक करून सरकले. शेवटी धक्क्याच्या डाव्या कडेला कुणीही उरलं नव्हतं.

काय निष्पन्न झालं

पुढच्या आठवड्यांत नोंदीतले ठिपके धक्क्यावर पसरले. टोकाला गर्दी होऊ लागली आणि तिथून परत येणारी रेघ पहिल्यांदा दिसली. सगळे परतले असं नाही. कार्ड घेऊन तिथूनच निघून जाणारेही होते, कार्डाकडे न बघता जाणारेही. सांत्वनाचे संदेश थांबले नाहीत, कमी झाले, आणि जे आले त्यांना उत्तर देताना त्याचा सूर बदलला होता. ‘माझी आई मजेत आहे, पण तुम्ही कुणासाठी थांबला होतात?’ असं तो विचारायचा.

पेटीत कार्डं जमत गेली. काही फक्त ‘सुंदर’ म्हणणारी. काही लांबलचक. एकाने लिहिलं होतं की त्यालाही एकाच बाजूने ऐकू येतं, त्याने मोनो चालू ठेवूनच काम पाहिलं, त्याला जाताना आणि येताना सारखंच ऐकू आलं, आणि हेच त्याला सगळ्यात खरं वाटलं. हा अनुभव आम्ही कुणीही आखलेला नव्हता. कलाकाराने ते कार्ड, विचारून, पहिल्या कार्डाच्या शेवटी जोडलं.

आज वेगळं काय केलं असतं

आवाज बंद ठेवून येणारे किती, हे उद्घाटनाआधी विचारलं असतं. चार ओळखीच्यांना काहीही न सांगता धक्क्यावर सोडलं असतं तरी कळलं असतं. आम्ही चाचणी घेतली ती सगळं ठाऊक असलेल्या मित्रांबरोबर, हेडफोन लावून. ती चाचणी नव्हतीच.

फलक रात्रीतून लागला याचा दोष मी त्याला देत नाही. सांत्वनाचे संदेश येऊ लागल्यावर मी त्याच्याशी तेव्हाच बोलायला हवं होतं. लोक कामाशी जोडले जात आहेत म्हणून मी खूश होते, आणि ते त्याला आईचं नाव घेऊन जखम करत आहेत हे माझ्यापर्यंत पोचलं नाही. क्युरेटरचं निम्मं काम कलाकाराची राखण करणं हे असतं. ते माझ्याकडून झालं नाही.

टोकाचं कार्ड पहिल्या दिवसापासून ठेवलं असतं का? इथे मी अजून अडते. ते असतं तर तो फलक लागला नसता, तो संदेश आला नसता. पण तो संदेश आला नसता तर ‘मी काहीही ठेवलेलं नाही’ हे वाक्य लिहिलं गेलं असतं का, याची मला खात्री नाही. एक मात्र नक्की बदललं असतं. कार्डाची प्रत मी पहिल्याच दिवशी सेकंड लाइफच्या बाहेर जपून ठेवली असती. अशी कामं जागा गेली की जातात. मागे राहतात ती चित्रफीत, छायाचित्रं आणि कलाकाराने सांगितलेलं. ‘आरएमबी सिटी’त आज कुणाला जाता येत नाही, आपण तिच्याबद्दल जे जाणतो ते चित्रणांतून आणि लिहिल्या-बोलल्यातून. म्हणून टोकाचं कार्ड लिहिताना ते भेट देणाऱ्यासाठी आहे, तसंच कधीच भेट देऊ न शकणाऱ्यासाठीही आहे, हे धरून लिहायला हवं होतं. आमच्या कार्डात धक्क्याचं वर्णनच नव्हतं. तुम्ही त्यावर उभे आहात असं गृहीत धरलेलं होतं.

जागा सोडताना

संदेश पाठवणाऱ्या बाईंना त्याने फलक काढल्याच्या दिवशीच उत्तर दिलं होतं. मोठी माफी वगैरे नाही. डावीकडच्या खुर्चीत मी काही ठेवलं नव्हतं, तिथे काय असावं हे मी ठरवलेलं नाही, एवढंच. त्यांचं उत्तर आलं नाही. त्या परत आल्या की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता, कारण नावं आम्ही साठवत नव्हतो.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी पेटीत त्यांचं कार्ड सापडलं. त्यात विचारलं होतं, सगळं उचलाल तेव्हा डावीकडची तिसरी खुर्ची मला मिळेल का? दिवा नको.

शेवटच्या दिवशी त्याने एकेक खुर्ची परत घेतली. धक्का फळी-फळीने नाहीसा झाला आणि शेवटी पाण्यावर एकच खुर्ची उरली. त्याने तिची प्रत काढली, दिवा वेगळा केला. आत कुठलीही स्क्रिप्ट नव्हती, तरी पुन्हा एकदा उघडून खात्री केली. देण्याआधी वस्तूला नाव आणि वर्णन असे दोन रकाने भरता येतात. नावाच्या रकान्यात त्याने ‘खुर्ची’ लिहिलं. वर्णनाच्या रकान्यात जुना मजकूर होता, कामाचं नाव आणि त्याचं स्वतःचं नाव. तो त्याने पुसला, आणि खुर्ची त्यांना पाठवून दिली.